सगळ्या शाळेची एक जन्मतारीख

तो अहवाल मी लिहिला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लेटरहेड कंपनीचं होतं, खाली सही मालकाची होती, पण वाक्यं माझी. ‘सदर बदल हा वापरकर्त्याच्या अनवधानाने झालेला असून प्रणालीमध्ये कोणताही दोष आढळून आलेला नाही.’ इतकं शुद्ध मराठी मी त्यापूर्वी लिहिलं नव्हतं आणि नंतरही लिहिलेलं नाही.

‘वापरकर्ता’ म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेच्या ऑफिसातल्या ताई. कंत्राटावर होत्या, दर वर्षी जूनमध्ये नवं पत्र मिळायचं. पेणकरपाड्याला राहायच्या, माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील, पण मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला सर. मी सर कसला? मीरा रोडला दोन गाळ्यांच्या कंपनीत मी शाळांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. आमच्याकडे लिहिणारा, तपासणारा, शाळेत जाऊन बसवणारा आणि फोनवर शिव्या खाणारा एकच माणूस होता, तो मी. हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. उलट एवढ्यासाठी सांगतोय, की चूक दुसऱ्या कुणाची असण्याची शक्यताच नव्हती.

चूक काय होती ते नीट सांगतो, कारण आठ वर्षं मी ते नीट सांगायचं टाळलंय.

प्रोग्राममधून डेटाबेसला काही करायला सांगायचं तर आधी एक वाक्य बांधावं लागतं. ते वाक्य कमांडच्या टेक्स्टमध्ये ठेवायचं आणि मग म्हणायचं, चालव. डेटाबेस गड्यासारखा असतो. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही, चिठ्ठीवर काय आहे तेवढं तो करतो. ‘जन्मतारीख अमुक कर’ हा चिठ्ठीचा पहिला भाग. ‘कुणाची’ हा दुसरा. दुसरा भाग लिहिलाच नाही तर डेटाबेस परत येऊन विचारत नाही, की साहेब, कुणाची? तो सगळ्यांची करतो.

माझ्या प्रोग्राममध्ये ‘कुणाची’ हा भाग एका छोट्या तुकड्यातून यायचा. स्क्रीनवर वर एक चौकट होती, तिच्यात विद्यार्थ्याचा जनरल रजिस्टरचा नंबर टाकायचा. नंबर असेल तर त्या विद्यार्थ्याची अट जोडायची. चौकट रिकामी असेल तर अट जोडायचीच नाही, म्हणजे सगळी शाळा दिसेल. यादी छापायला ते फार सोयीचं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तसं मुद्दाम मागून घेतलं होतं आणि मीच ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून शिकवलं होतं, “रिकामं सोडलं तरी चालतं, ताई. घाबरायचं नाही.”

हे वाक्य मीच बोललो होतो.

पुढे शाळेने जन्मतारीख दुरुस्तीचा वेगळा स्क्रीन मागितला. शाळेत जन्मतारीख म्हणजे काही गंमत नसते, पालकांचा अर्ज, दाखला, मोठ्या बाईंची सही, मग दुरुस्ती. मी तो स्क्रीन एका दुपारी उरकला. यादीसाठी लिहिलेला तोच तुकडा उचलला आणि दुरुस्तीच्या वाक्याला चिकटवला. बघायच्या वाक्याला आणि बदलायच्या वाक्याला एकच शेपूट लावलं. त्यावर महिन्याभराने फोन आला की नावावरूनही शोधता आलं पाहिजे. तेही केलं. नावासाठी दुसरी चौकट दिली. नावावरून मुलगी सापडते का, बघितलं. सापडली. सापडल्यावर सेव्ह करून बघितलं का? नाही. मालक पाठीशी उभा होता, “हो गया ना? चल, दूसरा पकड.” मी दुसरं पकडलं.

आता त्या दिवशीचं. उत्तनहून एक बाई आल्या होत्या, मुलीच्या जन्मतारखेत महिना चुकला होता तो दुरुस्त करून घ्यायला. हे सगळं मला नंतर शिपाई मामांनी सांगितलं. सरकारी शिक्क्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळून आणलेला. ताईंनी रजिस्टरचा नंबर विचारला, कारण शाळेत कारकुनी करणारं माणूस आधी नंबरच विचारतं. त्या बाई म्हणाल्या, “नंबर न्हाय माझ्याजवल, बाय. पोरीचा नाव घे नं.”

ताईंनी नाव घातलं. मुलगी सापडली. अर्ज बघितला, सही बघितली, तारीख बदलली, सेव्ह दाबलं. स्क्रीनवर आलं, ‘नोंद यशस्वी.’ सेव्हचं वाक्य ‘कुणाची’ ते अजून फक्त नंबरच्या चौकटीतून घ्यायचं, आणि नंबरची चौकट रिकामी होती. ती रिकामीच असणार होती.

आणि शाळेतली दोन हजारांवर मुलं एका तारखेला जन्मली.

त्या ‘नोंद यशस्वी’चा मला सगळ्यात जास्त राग येतो. असं वाक्य चालवलं की डेटाबेस उत्तरादाखल एक आकडा परत देतो, किती ओळी बदलल्या त्याचा. त्या सकाळी त्याने तो दिला होता. दोन हजार काहीतरी. तो आकडा घेऊन स्क्रीनवर दाखवायला मला एक ओळ लिहावी लागली असती. मी आकडा टाकून दिला आणि ‘यशस्वी’ लिहिलं. बिचाऱ्या गड्याने येऊन सांगितलं होतं की साहेब, तुम्ही सगळ्यांची करायला सांगितलीत, मी केली. मी ऐकायलाच थांबलो नव्हतो.

दुपारी दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मची यादी काढायला घेतली तेव्हा कळलं. फोन ताईंचाच आला. “सर, जरा येता का? सगळ्यांची एकच तारीख दिसतेय.” आवाज शांत होता. दिसण्यातच काहीतरी गडबड असेल असं त्यांना वाटत होतं.

मी पोचलो तेव्हा शिपाई मामा दारातच होते. “या या! आज आख्ख्या शाळेचा वाढदिवस. पाचवीतलं पोरगं आन धाव्वीतलं एकाच दिवशी. जुळी नाय, दोन हजारांची पंगतच म्हना की!” ताई हसल्या. मीही हसलो. मग मी कोड उघडून बसलो आणि दहा मिनिटांत मला चूक सापडली. तासभर नाही लागला, दहाच मिनिटं. ती अट, ती चौकट, माझाच उचललेला तुकडा. मी स्क्रीन बंद केला. ताईंनी विचारलं, “सर, मी नक्की काय दाबलं?”

मी म्हणालो, “बघतो.”

बॅकअप म्हणजे जुनी प्रत. ती रोज आपोआप निघावी अशी सोय करायची होती, ती पहिल्या दिवसापासून माझ्या वहीत ‘करायचं आहे’च्या यादीत होती. शेवटची प्रत गेल्या वर्षातली निघाली. म्हणजे एकच उपाय, कागदाचं जनरल रजिस्टर काढायचं आणि एकेका मुलाची तारीख पुन्हा टाकायची. मी मालकाला फोन केला. खरं सांगितलं, त्याच दिवशी सांगितलं, हे मात्र मी केलं. तो म्हणाला, “किस किस को बताया?” मी म्हटलं, कुणालाच नाही. “गुड. तो फिर बताना भी मत. बाकी सात स्कूल हैं अपने. यूजर एरर लिख दे, यार. किसका क्या जाता है?”

किसका क्या जाता है. आठ वर्षं झाली, त्याचं काहीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये बैठक झाली. मोठ्या बाई, संस्थेचे सेक्रेटरी, मालक आणि मी खुर्च्यांवर. ताई उभ्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही, मीही नाही. सेक्रेटरी बोलायला लागले की समोरच्याला उत्तर द्यायची फट ठेवायचे नाहीत.

“कंप्युटर काय स्वतःहून जन्मतारखा वाटत फिरतो का हो, बाई?”

“सर, मी एकाच मुलीची बदलली. देवाशप्पथ.”

“मग बाकीच्या भुताने बदलल्या?”

“तसं नाही, सर. मी सेव्ह एकदाच दाबलं. नोंद यशस्वी आलं, तेवढंच...”

“यशस्वी! वा. दहावीचे फॉर्म तोंडावर आणि तुम्ही यशस्वी.” मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा. टेक्निकल माणूस तुम्ही. कुणी केलंय हे?”

मालक माझ्याकडे बघत नव्हता. पेपरवेट फिरवत होता. ताई मात्र बघत होत्या. त्या नजरेत आता सुटले असा विश्वास होता, कारण सर आलेत, सरांना कोड कळतं, सर सांगतील.

मी म्हणालो, “लॉगमध्ये यांचंच लॉगिन दिसतंय.”

यातला एक शब्द खोटा नव्हता, म्हणून तर ते जमलं. खोटं बोलायची मला सवय नव्हती, पण खरं असं कापून ठेवायची होती. ‘कुणी’ विचारलं तेव्हा मी ‘कुणाच्या लॉगिनने’ याचं उत्तर दिलं आणि गप्प बसलो. मी मितभाषी माणूस आहे असं सगळे म्हणतात. घरचे कौतुकाने म्हणतात. गप्प बसून मी काय काय केलंय हे त्यांना ठाऊक नाही.

ताईंना मेमो मिळाला. सोबत तोंडी हुकूम, तारखा तुम्हीच पुन्हा भरायच्या. अकरा दिवस लागले, त्यात दोन रविवार. मामा रजिस्टरमधून मोठ्याने वाचायचे, ताई टाकायच्या, आणि प्रत्येक पान झालं की जागा बदलून ताई वाचायच्या आणि मामा स्क्रीनवर बोट ठेवून तपासायचे. ही पद्धत ताईंनीच बसवली. कुणी सांगितली नव्हती. माझ्या आख्ख्या कंपनीत तपासायची एवढी सुद्धा पद्धत नव्हती. पहिले दोन दिवस मी तिथे होतो, ‘मदतीला’. खरं तर कोड दुरुस्त करायला. नंबर नसेल तर दुरुस्ती चालणारच नाही अशी अट घातली, बदललेल्या ओळींचा आकडा दाखवला, आणि नव्या आवृत्तीच्या नोंदीत लिहिलं, ‘वेग वाढवण्यासाठी किरकोळ सुधारणा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी डबा पुढे केला. मी नको म्हणालो. “घ्या हो सर, तुमचाही खोळंबा झाला माझ्यामुळे.” आणि मग पुन्हा तेच, पण हळू, मामांना ऐकू जाणार नाही असं, “सर, खरंच सांगा ना. मी काय दाबलं? कळलं तर पुढच्या वेळी नाही दाबणार.”

मी म्हणालो, “होतं असं कधी कधी, ताई.”

मी त्यांची पोळी खाल्ली आणि हे म्हणालो.

जूनमध्ये त्यांना नवं पत्र मिळालं नाही. मोठ्या बाईंनी आमचा अहवाल फाइलला लावून ठेवला होता, ‘वापरकर्त्याच्या अनवधानाने’. शाळेला कारण हवं होतं, ते मी टाइप करून दिलं होतं. मामांनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “सर, अकरा दिस राबवली आन मग घालवली. आधीच घालवायची व्हती ना!” मी हूं म्हणालो.

यानंतर काही महिन्यांनी मी ती कंपनी सोडली. ‘तत्त्वासाठी’ वगैरे नाही, चांगली जागा मिळाली म्हणून. हल्ली माझ्या हाताखाली आठ-नऊ जण आहेत आणि त्यांचा कोड मी तपासतो.

मागच्या महिन्यात माझ्या टीममधल्या एकीचा कोड माझ्यासमोर आला. तिशी ओलांडलेली, हुशार, माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने लिहिणारी. कमांडच्या टेक्स्टमध्ये वाक्य ठेवलेलं, बदलायचं वाक्य, आणि खाली, चौकट भरलेली असेल तरच अट जोडायची. मी विचारलं, “आणि रिकामी असेल तर?”

“रिकामी कशी सोडेल कुणी, सर?”

“सोडली तर?”

“मग ती युजरची चूक.” ती सहज म्हणाली. आपण चुकीचं काही बोलतोय असं तिला वाटायचं कारणच नव्हतं, आमच्या धंद्यात सगळे असंच म्हणतात.

मी ओरडलो. मी, ज्याचा आवाज ऑफिसात कुणी ऐकलेला नाही. युजरची चूक म्हणजे काय, चौकट तू दिलीस, ती रिकामी राहू शकते हे तू ठरवलंस, वाक्य तू अर्धं ठेवलंस, तिने फक्त बटण दाबलं. ‘तिने’ असं म्हणालो मी. शेजारच्या टेबलावरचे हेडफोन काढून बघायला लागले. ती जागेवरून उठली नाही. रडलीही नाही. गोरीमोरी झाली आणि म्हणाली, “सर, टेस्टिंगमध्ये सापडलं असतं. एवढं काय? तुमच्याकडून कधी झालं नाहीये का असं?”

सगळे ऐकत होते.

मी म्हणालो, “नाही.”

नंतर मी तिची माफी मागितली, ओरडल्याबद्दल. त्या ‘नाही’बद्दल नाही मागितली.

ताई कुठे आहेत ते मला माहीत होतं. सिल्व्हर पार्कला एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देतात, झेरॉक्स काढतात. तीन वर्षांपूर्वी रिक्षातून जाताना दिसल्या होत्या. तेव्हापासून मी त्या रस्त्याने जात नाही. भाजीला लांबचा रस्ता घेतो. बायको विचारते, एवढा वळसा कशाला? चालणं होतं, म्हणतो.

‘नाही’ म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी त्या दुकानात गेलो. हातात आधार कार्ड, झेरॉक्सचं निमित्त. पुढे दोन गिऱ्हाइकं होती. ताई एका काकांचा फॉर्म भरत होत्या. हिंदीत बोलत होत्या, “अंकल, जन्मतारीख एक बार आप बोलो, फिर मैं पढ़ती, आप देखो.” ते वैतागले, “कितनी बार, बेटा?” “दो बार, अंकल. मेरी आदत है.”

मामांबरोबर बसवलेली पद्धत.

माझा नंबर आला. त्यांनी वर बघितलं आणि ओळखलं. “अय्या, सर! पिकले की केस तुमचे.” त्यांचेही पिकले होते. मुलगा कॉलेजात आहे म्हणाल्या. झेरॉक्स काढता काढता स्वतःच म्हणाल्या, “मला अजून रिकामी चौकट दिसली ना स्क्रीनवर, की सेव्ह दाबायच्या आधी तीनदा बघते. आमचे शेठ हसतात मला.”

मी इथवर तयारी करून गेलो होतो. वाक्य रस्ताभर बांधलं होतं. म्हणालो, “ताई, शाळेतली ती चूक तुमची नव्हती.”

मशीनचा दिवा सरकत गेला. त्यांनी कागद उचलला नाही.

“बरं वाटावं म्हणून नका सांगू, सर.”

“खरंच सांगतोय. तुम्ही बरोबर दाबलं होतंत.”

“मग कुणाची होती?”

एवढं सरळ विचारलं त्यांनी. आणि मी, रस्ताभर वाक्य बांधून आणलेला माणूस, म्हणालो, “सॉफ्टवेअरची.”

त्यांनी कागद उचलला. मग म्हणाल्या, “हां. सेक्रेटरी सर म्हणायचे, कंप्युटर काय स्वतःहून करतो का?” आणि झेरॉक्स माझ्या हातात दिली. मागच्या माणसाने घसा खाकरला. मी बाजूला झालो आणि बाहेर आलो.

पुन्हा तेच. वाक्याचा पहिला भाग बोललो, दुसरा जोडलाच नाही. सॉफ्टवेअर कुणी लिहिलं? ते काय आपोआप उगवलं होतं? मालक ‘यूजर’ म्हणाला, मी ‘लॉगिन’ म्हणालो, आता ‘सॉफ्टवेअर’ म्हणालो. आमच्या धंद्यात चुकीला नाव द्यायला शंभर शब्द आहेत आणि त्यात ‘मी’ नाही. मला मालकाचा राग आहे, त्या सेक्रेटरींचा आहे, उभ्या बाईला खुर्ची न देणाऱ्या त्या केबिनचा आहे. पण ते सगळे तेवढंच बोलले जेवढं त्यांना माहीत होतं किंवा जेवढ्यात त्यांचा फायदा होता. चूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, दहा मिनिटांत शोधून काढलेला माणूस त्या खोलीत एकच होता.

हे लिहून झालं म्हणजे फिटलं, असं मी समजत नाही. कागदावर कबूल करणं मला जमतं, आठ वर्षांपूर्वीही कागदावरच लिहिलं होतं.

त्या शाळेच्या फाइलमध्ये माझा अहवाल अजून असेल. त्याच्यावर लावायला शाळेला एक पत्र देणं आहे, माझ्या नावाचं, माझ्या सहीचं, की दोष प्रणालीत होता आणि तो मी ठेवला होता. त्याची एक प्रत ताईंना देणं आहे, हातात. आणि त्यांच्या दोन्ही प्रश्नांचं, काय दाबलं आणि चूक कुणाची, उत्तर देणं आहे, त्यांच्यासमोर उभं राहून. तुम्ही काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. चूक माझी होती. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.